दहा फुटी हॉल, ५५ इंची टीव्ही आणि सागवानी दिवाण

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबत पाठवलेला हाताने काढलेला नकाशाही नीट बघितला. कोल्हापुरात कळंबा रोडला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, हॉल १० बाय साडेतेरा फूट. घरात तुम्ही दोघं, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. मिस्टरांना ६५ इंची टीव्ही आणि मागंपुढं स्पीकर लावलेलं होम थिएटर हवंय. तुम्हाला भिंतभर टीव्ही युनिट आणि एल आकाराचा सोफा. सगळं मिळून दीड लाखात बसवायचंय. आणि अगदी शेवटच्या ओळीत विचारलंय, दुधाळीच्या जुन्या घरातला सागवानी दिवाण विकावा का?

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. दिवाण विकू नका.

त्या घरात २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा पाणी शिरलं असं तुम्ही लिहिलंय. त्या दोन्ही पुरांनंतर मी शाहूपुरी, नागाळा पार्क आणि तुमच्या दुधाळीत बरीच घरं उघडताना बघितली आहेत. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण पाणी उतरल्यावर खोलीत काय उरतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. पार्टिकल बोर्डाची युनिटं चहात बुडालेल्या बिस्किटासारखी खाली बसलेली. एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंची, दारं फुगून बिजागऱ्यांतून निखळलेली. आणि त्याच खोलीतला भरीव सागवानाचा पलंग चिखल धुतला, सावलीत हळूहळू वाळवला, पॉलिश मारलं की पुन्हा उभा. कारण साधं आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा चिकट द्रावात दाबून केलेली फळी. पाणी लागलं की चुरा फुगतो, चिकटवण सुटते आणि वाळल्यावर ती फळी पूर्वीच्या जाडीला परत येत नाही. कळंब्याला पुराचं भय नाही, पण जून ते सप्टेंबरचा दमटपणा आहे, रोज ओल्या फडक्यानं पुसली जाणारी फरशी आहे. तुमचा दिवाण याहून वाईट दोन वेळा सोसून बसलाय.

दिवाण ठेवा म्हणण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो दोन माणसांना उचलता येतो.

मी कोल्हापुरात २३ वर्षं हे काम करतोय. आधी वायरमन होतो, मग टीव्ही आणि साऊंडची जोडणी, आणि आता बरीच वर्षं सुतारांना बरोबर घेऊन फर्निचर. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की झाली आहे: आपल्या घरातला हॉल ही एक खोली नसतेच. सकाळी तिथं मुलगी अभ्यासाला बसणार. दुपारी सासूबाई आडव्या होणार. गावाकडून पाहुणे आले की रात्री गाद्या पडणार. भाद्रपदात गौरी-गणपती बसणार आणि गौरीच्या दिवशी जेवायला पाट मांडावे लागणार. भिंतीला कायमचं ठोकलेलं किंवा चौघांनाही न हलणारं फर्निचर यातलं काहीतरी बंद पाडतं. म्हणून मी आधी माणसं कुठं बसणार ते ठरवतो, मग टीव्ही, आणि भिंतीला खिळा सगळ्यात शेवटी.

आता तुमच्या नकाशात बघा. बाल्कनीचं दार टीव्हीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात आहे आणि त्याच्या शेजारी खिडकी. खिडकीखाली तुमचा सहा बाय अडीचचा दिवाण आडवा बसतो, दार मोकळं राहतं. त्याला काटकोनात, लांब भिंतीला लागून साडेसहा फुटी तीन सीटचा सोफा. हाच तुमचा एल. फरक एवढाच की गणपतीत हा एल मोडता येतो आणि दिवाणावर आरास मांडता येते. बाजारातला एल आकाराचा सोफा ज्या कोपऱ्यासाठी घेतला त्या कोपऱ्यातच शोभतो. शिवाय त्याचा लांब भाग मधल्या वाटेत येतो. तुमच्या दहा फुटांत ते परवडणार नाही. सोफ्याची खोली ३२ इंचांच्या वर नको, आणि पाय असलेला घ्या म्हणजे खालून झाडू फिरेल. सोफा-कम-बेड घ्यायचा मोह होईल. दहा फूट म्हणजे १२० इंच. पूर्ण उघडलेला बेड ७२ ते ७८ इंच पुढं येतो, समोर युनिट १४ इंच. मधे उरतात जेमतेम २८ ते ३४ इंच. चालायला पुरतं, पण रात्री उठून बाथरूमला जाणाऱ्या सासूबाईंसाठी मी ते करणार नाही. पाहुण्यांसाठी दिवाण आहे आणि खाली गादी आहे. सेंटर टेबलही नको. दोन हलके स्टूल एकात एक बसणारे घ्या.

टीव्हीकडं येऊ. मिस्टरांचं म्हणणं असं की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा वाचलेल्या पैशात मोठाच घेऊ. कर कमी झाला हे खरं आहे. पण टीव्हीचा आकार खोलीनं ठरवायचा. तुम्ही सोफ्यावर बसलात की डोकं मागच्या भिंतीपासून साधारण दीड-पावणेदोन फूट पुढं असतं, आणि समोर टीव्ही भिंतीपासून तीन-चार इंच पुढं. म्हणजे डोळ्यापासून पडद्यापर्यंत आठ फूट, ९६ इंच. या आकड्याला १.६ नं भागा: ६०. घरच्या सर्वसाधारण बघण्यासाठी हा सोयीचा आकार. ५५ या हिशेबात आरामात बसतो. ६५ थोडा वर जातो. फक्त फोरके सिनेमे बघणार असाल तर आठ फुटांवरून ६५ सुद्धा वाईट दिसणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण तुमच्या घरी सासूबाईंच्या मालिका आणि बातम्या डिशवरून चालणार आहेत. साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात उभ्या दिशेनं ५७६ ओळी असतात आणि फोरके पडद्यावर त्या २१६० ओळींवर ताणल्या जातात. पडदा जितका मोठा तितका तो ताण दिसतो, चेहरे मेणाचे वाटायला लागतात. शिवाय मुलगी सोफ्यावर थोडीच बसणार आहे? ती सतरंजीवर, पाच फुटांवर. तिच्यासाठी ५५ हाच भरपूर मोठा आहे.

विश्वास बसत नसेल तर एक संध्याकाळ खर्च करा. वर्तमानपत्राचे कागद जोडून ४८ बाय २७ इंचांचा एक तुकडा करा, हा ५५ चा पडदा. दुसरा ५७ बाय ३२ चा, तो ६५ चा. दोन्ही आळीपाळीनं भिंतीवर चिकटवा आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बसा. फरशीवर खडूनं सोफा आणि दिवाण खऱ्या मापात आखा आणि त्या रेघांमधून हातात पाण्याची बादली घेऊन चालून बघा. मी प्रत्येक घरी हे करायला लावतो. दुकानाच्या उंच छताखाली ६५ इंची लहानच दिसतो, म्हणून तिथं निर्णय घेऊ नये.

दुकानात बघायची गोष्ट वेगळी आहे. दिवाणावरून सासूबाई टीव्ही तिरका बघणार, तुमच्या मांडणीत साधारण तीस-पस्तीस अंशांतून. एलईडी टीव्हीत मुख्यतः दोन जातींचे पॅनल येतात. आयपीएस बाजूनंही रंग राखतो, पण अंधारात त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. व्हीए चा काळा चांगला, पण बाजूनं बघितलं की चित्र फिकं पडतं. क्यूएलईडी नावानं जे येतं तेही मूळ एलसीडीच, तेव्हा हा प्रश्न तिथंही सुटत नाही. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या मापांत वेगळी पॅनल असू शकतात, त्यामुळं ४३ इंचीत बघून ५५ घेऊ नका. ज्या मापाचा घ्यायचा त्याच्यासमोर उभं राहा, मग चार पावलं बाजूला सरका आणि माणसाच्या चेहऱ्याचा रंग बघा. शोरूममध्ये टीव्ही भडक मोडवर लावलेले असतात. विक्रेत्याला घरगुती मोड लावायला सांगा. आणि आपल्या पेन ड्राइव्हवर घरच्या कार्यक्रमाचं साधं चित्रण घेऊन जा. आपल्या माणसांच्या अंगाचा रंग आपल्याला माहीत असतो, कंपनीच्या फुलपाखरांचा नाही.

स्मार्ट फीचर्ससाठी जास्त पैसे देऊ नका. पॅनल आठ-दहा वर्षं चालतं, आतलं सॉफ्टवेअर चार-पाच वर्षांत मंदावतं. तेव्हा मागच्या एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम भागतं. एचडीएमआयची तीन तोंडं मात्र हवीत, आणि त्यातल्या एकावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं हवं. ते साऊंडबारला, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरला, लागतं.

टीव्ही कुठल्या उंचीवर? बिल्डरनं पॉइंट पाच फुटांवर दिलाय असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक इमारतींत असंच असतं आणि फिटिंगला येणारा मुलगा पॉइंट झाकायला म्हणून टीव्ही तिथंच वर टांगतो. मग महिन्याभरात मान दुखायला लागते आणि दोष उशीला दिला जातो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे फरशीपासून ४० ते ४२ इंचांवर असतात. पडद्याचा मध्य तिथं आला पाहिजे. ५५ इंचीची उंची २७ इंच, म्हणजे खालची कड फरशीपासून साधारण सव्वादोन फुटांवर. तो मुलगा "मॅडम, सगळे वरच लावतात" म्हणेल. ऐकू नका. पॉइंट खाली घ्यायला वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, रंगाच्या आधी करून घ्या. त्याच वेळी टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत भिंतीत दोन इंची पीव्हीसी पाइप गाडा. एचडीएमआय केबलचं तोंड बारीक पाइपातून जात नाही आणि पुढं केबल बदलायची वेळ आली की याच पाइपासाठी लोक मला फोन करतात. टीव्हीमागं तीन, खाली युनिटजवळ चार प्लग पॉइंट घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड युनिटमागं लोंबकळत ठेवायचा नाही, आणि अर्थिंग तपासून घ्यायचं.

भिंत कसली आहे हेही बघा. नव्या इमारतींत बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, ज्याला आपण सरसकट सायपोरेक्स म्हणतो. ड्रिल लावल्यावर लाल भुकटी आली तर वीट, पांढरट-राखाडी आणि लोण्यासारखं भोक पडलं तर ब्लॉक. ब्लॉकमध्ये साधी प्लास्टिकची गिट्टी धरत नाही. ५५ इंची टीव्ही १४ ते १८ किलोचा असतो आणि ओढून घेणाऱ्या ब्रॅकेटवर तो ताण कितीतरी वाढतो. तिथं लांब नायलॉन फास्टनर घाला, किंवा १८ मिलिमीटर प्लायची फळी आठ-दहा ठिकाणी भिंतीला जखडून टीव्ही त्या फळीवर घ्या. मी दुसरा मार्ग पत्करतो. आणि तुमच्या नकाशात त्या भिंतीच्या मागं दरवाज्याकडच्या अर्ध्या भागात बाथरूम आहे. टीव्ही बाल्कनीकडच्या अर्ध्यातच ठेवा, सोफ्याच्या मध्यासमोर. बाथरूमच्या भिंतीवर टीव्ही लावलेल्या एका घरी मी चौथ्या पावसाळ्यात गेलो होतो. ब्रॅकेटचे स्क्रू गंजून निघाले आणि युनिटचं मागचं प्लाय हातानं सोलता येत होतं. त्या माणसानं कर्ज काढून घर सजवलं होतं. त्याला काय सांगावं ते मला सुचेना.

आता तुमचं भिंतभर युनिट. ताई, यावर मी जरा ठाम बोलणार आहे, कारण ही चूक मी स्वतः लोकांच्या घरात करून बसलोय. सुरुवातीच्या काळात मी हौसेनं भिंतभर युनिटं केली, मधे टीव्हीसाठी मापाचा कोनाडा. तेव्हा टीव्ही ३२ चे होते. सहा-सात वर्षांनी ४३ आणि ५० आले आणि कोनाड्यात बसेनात. मीच केलेलं काम मला करवतीनं कापावं लागलं, आणि मालकिणीच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. तेव्हापासून टीव्हीभोवती चौकट करत नाही. टीव्ही मोकळ्या भिंतीवर, आणि त्याच्याखाली एकच लांबट, भिंतीला टांगलेलं युनिट: साडेपाच ते सहा फूट लांब, १४ इंच खोल, १२ इंच उंच, फरशीपासून नऊ-दहा इंच वर. खालून फडकं फिरतं, फरशी दिसत राहते आणि खोली मोठी वाटते. पुढं टीव्ही ६५ झाला तरी युनिट तेच चालतं.

त्यासाठी प्लाय आयएस ७१० छापाचं, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारं मरीन प्लाय, १८ मिलिमीटर घ्या, आणि शिक्का स्वतः डोळ्यांनी बघा. आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर हॉलमध्ये चालतं, पण तुमच्या भिंतीमागचं बाथरूम लक्षात घेता ७१० च घ्या, एवढ्याशा कामात किमतीचा फरक फार पडत नाही. टिंबर मार्केटात मिस्त्रीला घेऊन जा, पण बिल आपल्या नावावर करा. कडांना एज बँडिंग, म्हणजे चिकटवायची पट्टी, चारी बाजूंनी, न दिसणाऱ्या खालच्या कडेलासुद्धा, कारण ओल तिथूनच शिरते. युनिटला मागची फळी नको. मागं उघडं राहिलं की वायरी हाताळता येतात आणि गरम हवा निघून जाते. सेट टॉप बॉक्स बंद केल्यावरही कोमट असतो हे हात लावून बघा. त्याच्या वर तीन इंच जागा सोडा. दारं लाकडी करणार असाल तर रिमोट चालणार नाही. वेताची जाळी किंवा पट्ट्यांची दारं करा. राउटर मात्र युनिटात कोंडू नका आणि टीव्हीच्या पाठीमागंही लपवू नका, टीव्हीची धातूची पाठ वायफाय अडवते. भिंतीवर सजावटीला लावायच्या चारकोल पॅनलच्या उभ्या खाचांबद्दल तुम्ही विचारलंय. त्यात धूळ बसते आणि ती पुसणार तुम्हीच. मी करणार नाही.

आवाजाबद्दल मिस्टरांची समजूत घालावी लागेल. पाच स्पीकरचं होम थिएटर ज्याच्यासाठी केलेलं असतं त्यात ऐकणारा मधे असतो आणि त्याच्या मागं जागा असते. तुमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे. मागचे स्पीकर कानाला चिकटतील आणि त्यांच्या वायरी बाल्कनीच्या दारावरून फिरवाव्या लागतील. आणि कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, आवाज घुमवतो. फुटबॉल वर्ल्ड कपचे सामने रात्री-अपरात्री असतात, ब्राझील-अर्जेंटिनावरून आपल्याकडं पेठापेठांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण खालच्या मजल्यावरच्या लोकांना तुमचा गोल छतातून ऐकू येऊ नये. स्लॅबमधून खर्ज सगळ्यात लांब जातो. साऊंडबार घ्या, मधे संवादासाठी स्वतंत्र स्पीकर असलेला, म्हणजे डब्यावर ३.० किंवा ३.१ लिहिलेला. सासूबाईंना शब्द कळत नाहीत म्हणून त्या आवाज वाढवतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यात दोष त्यांच्या कानांपेक्षा पातळ टीव्हीचा जास्त आहे. त्याचे स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून असतात. संवाद समोरून आला की त्यांचा आवाज दोन-तीन अंकांनी खाली येतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. बार एचडीएमआय एआरसीनं जोडा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटनं दोन्ही चालतील. दोन रिमोट सासूबाईंच्या हातात देऊ नका. डब्यावरच्या फुगवलेल्या पीएमपीओ वॅटच्या आकड्यांकडं लक्ष देऊ नका, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद, किती ते विचारा.

वळवाच्या पावसाचं विसरू नका. एप्रिल-मे मध्ये दुपारी आभाळ भरून आलं की टीव्हीचा प्लग काढायचाच, आणि डिशची केबलही बॉक्समधून सोडवायची. बरेच लोक प्लग काढतात आणि केबल तशीच ठेवतात. वीज गच्चीवरच्या छत्रीतून त्याच वाटेनं खाली येते आणि एचडीएमआयमधून टीव्हीचा बोर्ड घेऊन जाते. म्हणून युनिट मागून उघडं हवं. हात पोचला तरच कुणी केबल काढतं.

दीड लाखाची माझी वाटणी अशी: टीव्ही ५५ ते ६० हजार, साऊंडबार १५, युनिट मजुरीसह २५, सोफा ३५, वायरिंग आणि पाइप ८ ते १०. वर उरतील त्यातले दोन-तीन हजार दिवाणाच्या पॉलिशला आणि नव्या गादीला घाला. छताचं पीओपी यात बसत नाही, आणि साडेनऊ फुटी उंचीत ते करूही नये.

काम सुरू करायच्या आधी लिफ्टच्या दाराची रुंदी, आतली उंची आणि जिन्याच्या वळणाचं माप घेऊन ठेवा. ५५ इंचीचा खोका उभाच न्यायचा असतो, आडवा टाकला तर पॅनलला चीर जाऊ शकते. आणि दिवाण दुधाळीतून आणताना त्याचे पाय सुटे होतात का ते बघा. जुन्या कामात बहुतेक पाचरी मारलेल्या असतात. सुटत नसतील तर ठोकाठोकी करू नका, मला फोटो पाठवा.